लाजेपायी वाया जाणारे तास

परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या पालकांकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. ‘हे केलं तर चालेल का’ असं विचारणारी पत्रं थोडी, ‘हे होऊन गेलंय, आता काय’ असं विचारणारी जास्त. या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांमागे घड्याळ लागलेलं असतं. म्हणून जिथे तासांचा हिशेब आहे तिथे तो आकड्यांत दिला आहे.

प्रश्न : मी मोजूनच पितो, चार ग्लासांपुढे जात नाही. तरी महिन्याभरात दोनदा रात्री काय झालं ते सकाळी आठवलं नाही. चार म्हणजे जास्त आहेत का?

चार कशाचे, हे आधी ठरवू या. ग्लास हे माप नव्हे. मोजायचं असतं ते त्यातलं शुद्ध अल्कोहोल. मिलिलिटरला टक्क्यांनी गुणा, १०० ने भागा आणि ०.८ ने गुणा, की ग्रॅम मिळतात. ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे २० ग्रॅम. १३ टक्क्यांच्या वाइनची ७५० मिलीची बाटली ७८ ग्रॅम. ४० टक्क्यांची व्होडका ६० मिली घेतली तर १९ ग्रॅम. आणि ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती, हे प्रत्येक देशाचं वेगळं : ब्रिटनचं युनिट ८ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियाचं ड्रिंक १० ग्रॅमचं, अमेरिकेचं १४ ग्रॅमचं. बिअरचा तोच ग्लास ब्रिटनमध्ये अडीच भरतो आणि अमेरिकेत दीडसुद्धा भरत नाही. सुरक्षित मर्यादेचा आकडा एका देशाचा आणि ग्लास दुसऱ्या देशाचा, अशी गल्लत सर्रास होते. खोलीवरच्या पार्टीत अंदाजाने ओतलेल्या प्लॅस्टिकच्या कपात किती आहे, हे तर ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. कॉफी, गार पाणी, उलटी, मोकळ्या हवेतली चक्कर यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. चार मोठ्या बिअरचे ८० ग्रॅम उतरायला दहाएक तास लागतात. सकाळी डोकं हलकं वाटलं म्हणून स्कूटरची किल्ली उचलू नका.

तुम्हाला जे आठवत नाही ते तुम्ही विसरलेला नाहीत. मेंदूने ते नोंदवलंच नव्हतं. रक्तातली पातळी झपाट्याने चढली की नोंद ठेवण्याचं काम बंद पडतं, पण माणूस बोलत, नाचत, दारं उघडत असतो, त्यामुळे मित्रांच्याही लक्षात येत नाही. रिकामं पोट, बाहेर पडण्याआधी खोलीवरच उरकलेले दोन-तीन पेग आणि पैज लावून एका दमात संपवलेला ग्लास ही नेहमीची कारणं. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळलं तर झोप उडते, नशा मात्र तेवढीच राहते, आणि थांबायची वेळ कळत नाही. महिन्यात दोनदा असं होणं किरकोळ नाही. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात हे बोलायला हरकत नसावी. तिथे ही तक्रार नवी नाही.

एक अपवाद. अगदी थोडं घेऊनही स्मृती गेली असेल, तर पेयात कुणी काही मिसळल्याची शंका धरा आणि त्याच दिवशी तपासणी करून घ्या. अशी काही द्रव्यं लघवीतून १२ तासांत दिसेनाशी होतात.

प्रश्न : मित्र पिऊन पडला तर झोपू द्यावं असं सगळे म्हणतात. ॲम्ब्युलन्स बोलावली तर विद्यापीठ कारवाई करेल, व्हिसावर येईल, अशी भीती वाटते. नक्की केव्हा बोलवावी?

‘झोपू द्या’ हा या पत्रांत आलेला सर्वांत घातक सल्ला. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातलं अल्कोहोल रक्तात उतरत राहतं. पडला त्या वेळेपेक्षा अर्ध्या-पाऊण तासानंतर त्याची अवस्था वाईट असू शकते.

खांदे हलवून, मोठ्याने हाक मारून बघा. डोळे उघडून काही अर्थपूर्ण उत्तर दिलं नाही, तर लगेच फोन करा. पुढच्या खुणांपैकी एकही असली तरी करा : मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांमध्ये १० सेकंदांचं अंतर, गार चिकट कातडी, ओठ किंवा नखं निळसर, झटके, बेशुद्धीतच उलटी. गोऱ्या नसलेल्या त्वचेवर निळेपणा चटकन कळत नाही. ओठ उलटून आतली बाजू आणि नखांखालची जागा पाहा. सगळ्या खुणा जमा होण्याची वाट पाहू नका.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा. त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा हात शरीराशी काटकोनात पसरा. पलीकडचा हात आणून तळहाताची पाठ तुमच्याकडच्या गालाखाली ठेवा. पलीकडचा गुडघा उभा दुमडा आणि तो धरून त्याला अलगद आपल्याकडे ओढा. मग डोकं किंचित मागे आणि तोंड खालच्या दिशेला, म्हणजे उलटी बाहेर पडेल. बेशुद्ध माणूस बहुधा उलटी श्वासनलिकेत जाऊन दगावतो, म्हणून उताणा ठेवायचा नाही, पाणी पाजायचं नाही आणि घशात बोटं घालायची नाहीत. शॉवरखालीही नेऊ नका. तो घसरतो आणि अंगातली ऊब आणखी जाते. श्वास थांबला किंवा अधूनमधून नुसते आचके येऊ लागले, तर उताणा करून छातीच्या मध्यावर दाब द्या : मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस मोजून देतो.

नंबर आजच पाठ करा. युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९ (११२ ही चालतो), अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११, जपानमध्ये ॲम्ब्युलन्ससाठी ११९.

कारवाईबद्दल : अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत आणि विद्यापीठांत मदत मागणाऱ्याला व ज्याच्यासाठी मागितली त्याला अल्पवयात दारू प्यायल्याच्या कारवाईतून सूट देणारे नियम आहेत. तपशील जागोजागी वेगळा आहे, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेतलं ते पान सत्र सुरू होतानाच वाचून ठेवा. रात्री अडीच वाजता ते सापडत नाही. आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. गोळी घेतली असेल तर गोळीचंही सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात.

प्रश्न : परवा रात्री कंडोम फाटला. कोणाशी बोलू कळत नाही. उशीर झालाय का?

नाही, पण हे वाचून झाल्यावर उठाच. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम १२० तासांपर्यंत चालते. तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर ती या तिन्हींत सर्वांत खात्रीची, आणि पुढची काही वर्षं कामीही येते. गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. फिट्सची किंवा क्षयाची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात, वजन जास्त असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल कमी पडू शकते. फार्मासिस्टला या दोन्ही गोष्टी आपणहून सांगा. तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करा, पाळी येऊन गेली असं वाटलं तरी.

एचआयव्हीची शंका असेल तर लागण होऊ नये म्हणून संबंधानंतर घ्यायचा पीईपी हा औषधांचा क्रम ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस न चुकता घ्यायचा असतो. पहिल्या २४ तासांत सुरू झाला तर उत्तम. लैंगिक आरोग्य केंद्र बंद असेल तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, सोमवारची वाट पाहू नका. क्लॅमिडिया व गनोरियाची तपासणी दोन आठवड्यांनी, एचआयव्हीची प्रयोगशाळेतली रक्ततपासणी ४५ दिवसांनी, सिफिलिसची १२ आठवड्यांनी. त्याआधीचा ‘निगेटिव्ह’ पक्का धरू नये. त्रास होत नाही म्हणून तपासणी टाळू नका, यांतले बरेच आजार काहीही न दाखवता अंगात राहतात.

जे झालं त्याला तुमची संमती नसेल, तर शक्य असल्यास अंघोळ न करता जा आणि कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ते दमटतात. अंघोळ झाली असली तरी जाच. पोलिसांत जायचं की नाही हे नंतर ठरवता येतं. उपचारांसाठी त्याची अट बहुतेक ठिकाणी नसते.

प्रश्न : मुलगी पुढच्या महिन्यात निघतेय. सोबत कोणती औषधं द्यावीत?

तिची नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, ज्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा असेल. ब्रँड तर सीमेपलीकडे बदलतोच, कधी मूळ नावही बदलतं : पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन होतं, दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतं.

हे नुसतं शब्दकोशाचं काम नाही. तापासाठी एक गोळी, सर्दीसाठी दुसरी पूड, अंगदुखीसाठी तिसरं काही, आणि तिन्हींत तेच पॅरासिटामॉल, असं नकळत होतं. प्रौढांची कमाल मात्रा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. काही पुड्यांत एकेकीत १ ग्रॅम असतं. जास्त झालं तर पहिला दिवस माणूस ठणठणीत वाटतो, यकृत मात्र आतून बिघडत असतं. उतारा म्हणून दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगलं काम करतं. ‘बरं वाटतंय, उद्या बघू’ इथे चालत नाही.

काही औषधं मात्र सीमेवरच अडतात. ॲम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन व ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांसाठी आधी परवानगी लागते. त्या देशाच्या दूतावासाचं पान तिकिटाआधी पाहा. लसींत एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस (मध्ये किमान २८ दिवस), हिपॅटायटिस बी आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) घडवणाऱ्या मेनिंगोकॉकल जंतूवरची एसीडब्ल्यूवाय लस तपासून घ्या. मेनिंगोकॉकलच्या बी प्रकारची लस वेगळी असते. वसतिगृहात कुणाला ताप, मान ताठ, उजेड नकोसा आणि गुंगी असेल, किंवा काचेचा ग्लास दाबूनही न पुसले जाणारे डाग दिसले, तर तो फ्लू समजू नये. डाग न येताही मेनिंजायटिस असू शकतो. सावळ्या त्वचेवर ते तळहात, तळपाय आणि पापण्यांच्या आत शोधावेत.

प्रश्न : परीक्षेच्या आठवड्यात एकाग्रतेची गोळी देऊ करणारे मित्र आहेत. एखादी घेतली तर?

मित्राला डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्याच्या रक्तदाबाला आणि वजनाला बघून दिलेली असते. तुम्हाला ती जागं ठेवेल. मेंदू वाचलेलं झोपेत पक्कं करतो आणि नेमकी तीच झोप जाईल. पण मोठी अडचण वेगळी आहे : ‘मित्राकडची’ गोळी बऱ्याचदा मित्राच्या मित्राने ऑनलाइन घेतलेली असते. उत्तर अमेरिकेत अशा हुबेहूब बनावट गोळ्यांत फेंटॅनिल (अफूच्या जातीचं अतिशय तीव्र द्रव्य) किंवा मेथॅम्फेटामाइन (तीव्र उत्तेजक) सापडतं. गोळी घेतलेला माणूस जागा होत नसेल, श्वास मंद आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि फेंटॅनिलसारख्या द्रव्यांवरचा उतारा असलेल्या नॅलॉक्सोनचा नाकातला फवारा मारा. अमेरिकेत तो २०२३ पासून चिठ्ठीविना मिळतो. त्याचा परिणाम तासाभरात ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी एकटा सोडू नका.

कॉफीचं विचाराल तर दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही निरोगी प्रौढांची वरची मर्यादा. त्यातलं निम्मं पाच तासांनीही अंगात असतं.

प्रश्न : सुट्टीत बेटावर स्कूटर भाड्याने घेणार आहोत. चारचाकीचा परवाना पुरतो ना?

भाड्याने देणाऱ्याला पुरतो, विमा कंपनीला नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का हवा आणि मूळ परवाना खिशात हवा. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा परवाना एक वर्षच चालतो. शिक्का नसेल, हेल्मेट नसेल किंवा रक्तात अल्कोहोल असेल तर अनेक पॉलिसी अपघाताचा दावा फेटाळतात. पॉलिसीतलं ‘समाविष्ट नाही’ हे प्रकरण आधी वाचा, फायद्यांचं नंतर. रस्त्याची बाजू चुकते ती गर्दीत नव्हे. गर्दीत इतर गाड्या वाट दाखवतात, चूक होते ती सकाळी मोकळ्या रस्त्यावर वळताना. सायलेन्सरने पोटरी भाजली तर २० मिनिटं वाहतं पाणी, मलम नको.

पोहणार असाल तर : १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपोआप धापा टाकतो. त्या वेळात पोहू नका, पाठीवर तरंगा, कान पाण्यात बुडू द्या, श्वास ताब्यात आला की हाक मारा. ओढ आत नेऊ लागली तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर सरका.

प्रश्न : मुलगा काही सांगतच नाही. रुग्णालयातून आम्हाला परस्पर कळवतील का?

बहुधा नाही. १८ पूर्ण झालेल्या रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना आईवडिलांनाही न देण्याचा नियम अनेक देशांत आहे. संमतिपत्र त्याने आरोग्य केंद्रात आधीच भरून ठेवता येतं, आणि त्यात फक्त ‘बेशुद्ध असल्यास’ एवढीच मुभा देणंही शक्य असतं. हा मधला मार्ग मुलं सहसा मान्य करतात. तुमच्याकडे विम्याचा क्रमांक, विमा कंपनीची २४ तासांची हेल्पलाइन, त्याच्या ॲलर्जी, खोलीचा नंबर आणि वसतिगृहाच्या सुरक्षा कक्षाचा फोन एवढं लिहिलेलं असू द्या. दोन दिवस फोन न लागल्यास यांतला शेवटचा, सुरक्षा कक्षाचा नंबर फिरवा. ते खोलीवर जाऊन दार वाजवतात.