मोठ्या विद्यापीठाचं आपत्ती व्यवस्थापन: हे सिक्युरिटीचं काम आहे का?

प्रश्न: मी भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आग लागली. ती लगेच विझली, पण सगळ्या मुली खाली उतरल्या की नाही हे पाऊण तास कुणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हापासून वाटतंय की एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाचं प्रमुख व्हावं. बाबा म्हणतात, हे सिक्युरिटी ऑफिसरचं काम, त्यासाठी एवढं शिकायचं कशाला? कोणती पदवी घेऊ? – तन्वी

प्रिय तन्वी,

आग विझल्यावर बहुतेकांच्या लक्षात धूर आणि पळापळ राहते. तुझ्या लक्षात राहिलं ते ‘सगळ्या उतरल्या का?’ एवढंच. या क्षेत्रातल्या माणसाचं निम्मं आयुष्य याच प्रश्नात जातं, त्यामुळे तुझी निवड भलती नाही हे आधी सांगून टाकते.

आता बाबांची शंका. सिक्युरिटी गेट सांभाळते, अग्निशमन दल आग विझवतं, डॉक्टर जखमींना बघतात. आपत्ती व्यवस्थापन प्रमुख यातलं काहीच स्वतः करत नाही. हे सगळे एकाच वेळी धावून आले तर एकमेकांच्या पायात येऊ नयेत, याची तजवीज तो वर्षभर आधीपासून करत असतो. मोठं विद्यापीठ म्हणजे एक आख्खं गावच असतं. हॉस्टेल, प्रयोगशाळा, स्टेडियम, कुठे कुठे स्वतःचं हॉस्पिटल. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये कुणाच्या तरी दहा वर्षांच्या कामाचे नमुने असतात, आणि तळघरात प्रयोगाचे उंदीर. २००१ साली अ‍ॅलिसन वादळात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय संस्थांच्या तळघरांत पाणी शिरलं आणि प्रयोगाचे हजारो प्राणी बुडाले. कित्येकांचं संशोधन वाहून गेलं. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचं टुलेन विद्यापीठ आख्खं सत्र बंद राहिलं, विद्यार्थी देशभरच्या दुसऱ्या कॉलेजांत शिकायला गेले आणि २००६ च्या जानेवारीत परतले. तेवढ्या काळात पगार कसे काढायचे, गुणपत्रिका कुठून द्यायच्या, हेही याच खात्याच्या विचारात असावं लागतं.

या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असलेली तारीख मात्र १६ एप्रिल २००७. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांतच त्याच मारेकऱ्याने वर्गांत शिरून आणखी ३० जणांना मारलं. चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट मला आजही बोचते: विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून सर्वांना संदेश पाठवण्याची सोयच नव्हती. मजकूर वरिष्ठांच्या गटाकडून मंजूर व्हावा लागायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा बदलला. जिवाला धोका आहे याची खात्री पटली की विद्यापीठाने ताबडतोब इशारा द्यायचा, हे बंधन आलं.

एका विद्यापीठाच्या टेबलटॉप सरावाला मी पाहुणी म्हणून बसले होते. टेबलटॉप म्हणजे प्रत्यक्ष धावपळ न करता टेबलाभोवती बसून केलेली मॉक ड्रिल. आठ माणसं आणि मध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पहिली चिठ्ठी निघाली: ‘केमिस्ट्रीच्या दुसऱ्या मजल्यावर उग्र वास, दोन विद्यार्थी चक्कर येऊन पडले.’ सुरक्षा प्रमुख म्हणाले, इमारत रिकामी करा, सगळ्यांना मागच्या मैदानात न्या. लॅब असिस्टंट हळूच म्हणाला, साहेब, आमच्या एक्झॉस्टची हवा तिकडेच जाते. मग प्रश्न आला, मेसेज कोण पाठवणार? तीन हात वर झाले. ‘पाठवा बरं आत्ता,’ म्हटल्यावर तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. पासवर्ड ज्याच्याकडे होता तो रजेवर. सराव घेणाऱ्या बाई हसल्या नाहीत की कुणावर खेकसल्याही नाहीत. वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पुढची चिठ्ठी उघडली. नंतर आठवडाभर त्या एकेकाच्या केबिनमध्ये जाऊन बसत होत्या, हे मला मागाहून कळलं.

तन्वी, नोकरी ही अशी आहे. त्या आठातलं कुणीही त्या बाईंच्या हाताखाली नव्हतं. ज्यांच्यावर तुझा हुकूम चालत नाही त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, आणि तेही अजून न घडलेल्या गोष्टीसाठी. ड्रिलला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकाला जिना उतरायला लावता येईल का तुला? थरार हवा असेल तर अग्निशमन दल बरं. इथे बैठका जास्त, खातं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांचं, आणि काम चोख झालं तर काहीच दिसत नाही. मग बजेटच्या वेळी पहिली कात्री तिथेच लागते.

पदवीबद्दल थोडक्यात. भूगोल सोडू नकोस, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) नीट शिक, पूररेषा आणि इमारतींचे नकाशे रोज लागतात. पुढे आपत्ती व्यवस्थापन, सार्वजनिक प्रशासन किंवा सार्वजनिक आरोग्य यांपैकी कशातही मास्टर्स चालेल. ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’, म्हणजे आपत्तीच्या जागी कुणी काय करायचं आणि कुणाचं ऐकायचं हे ठरवणारी पद्धत, मात्र आलीच पाहिजे. १९७० च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत वेगवेगळ्या दलांना एकमेकांची भाषाच कळेना, त्यातून ही पद्धत जन्मली. आयएईएम या आपत्ती व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सीईएम (सर्टिफाइड इमर्जन्सी मॅनेजर) प्रमाणपत्र वरच्या पदांसाठी वजनदार समजलं जातं, पण त्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. सुरुवातीला त्यांचंच एईएम (असोसिएट इमर्जन्सी मॅनेजर) आहे. थेट प्रमुख कुणी होत नाही. हॉस्पिटलचा सुरक्षितता विभाग, महापालिकेचा आपत्ती कक्ष, लॅब सेफ्टी अशा कुठल्याही दाराने आत ये आणि आठ-दहा वर्षं धर.

एक खेळ आजच करून बघ. देवनागरी एसएमएसच्या एका संदेशात ७० अक्षरं मावतात, काना-मात्रा आणि मोकळी जागाही त्यातच. त्यात काय झालं, कुठे, आणि वाचणाऱ्याने काय करायचं, हे बसव. माझा प्रयत्न: ‘केमिस्ट्रीत वायुगळती. तिकडे जाऊ नका. आत असाल तर उत्तर दाराने निघा.’ ६६ भरली. ‘घाबरून जाऊ नये’ लिहायचा मोह मलाही झाला होता. ते वाचून कुणाची भीती गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि तुमच्या रेक्टर मॅडमना भेट. जाताना तक्रार नेऊ नकोस, यादी ने: कुठल्या मजल्यावर किती मुली, कुणाला जिना उतरायला मदत लागते, खाली आल्यावर कुणी कुठे उभं राहायचं आणि मोजायचं कुणी. पहिल्या यादीत रात्री मुक्कामाला आलेल्या मैत्रिणी राहून जातील. दुसरी करशील तेव्हा त्या धर.