प्रायोगिक नाट्यगटाची नोंदणी करावी, की मैत्रीवर चालवावा?

तुम्ही पुण्यात सहाजण मिळून गट काढताय, आणि ‘आपल्यात कागद कशाला?’ असं तुमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. तेच वाक्य मी १९९९ साली ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

नोंदणीचं आधी सांगून टाकतो. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली निदान सात सभासद लागतात. तेव्हा सातवा माणूस शोधा. तो नट नको, हिशेब लिहिणारा हवा.

मी पाच वर्षं एका गटात प्रकाशयोजना केली. नाव सांगत नाही. प्रयोग शाळेच्या वर्गात, वाड्याच्या चौकात, एकदा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. प्रेक्षक पन्नास-साठ. समोरून उजेड टाकायचा नाही हा माझा हट्ट होता, कारण प्रेक्षक हातभर अंतरावर असताना समोरून स्पॉट मारला की नटाचा चेहरा सपाट होतो. तेलाचे डबे कापून, मागून हवेसाठी भोकं पाडून, आत दोनशे वॉटचे बल्ब बसवले. नोकरीतल्या पहिल्या दिवाळी बोनसमधून पुण्याच्या तपकीर गल्लीतून विजेचं सामान आणलं आणि एका मित्राला घेऊन चार रात्री बसून सहा चॅनलचा डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करायची पेटी, सोल्डर केला. त्याचं तिसरं चॅनल अगदी खालच्या उजेडाला थरथरायचं. पॉट, म्हणजे उजेड कमीजास्त करायची फिरती कळ, झिजायला लागला होता. मी बदलणार होतो, पण एका नाटकात म्हाताऱ्या बापाच्या खोलीला ती थरथर इतकी शोभली की दिग्दर्शक म्हणाला, ‘हात लावू नकोस, हे राहू दे.’

२००४ मध्ये बाहेरगावच्या एका प्रयोगाचं बारा हजार मानधन मिळालं. टेम्पो आणि जेवण जाऊन उरलेल्याचं काय झालं, एवढंच मी विचारलं. पैसे सांभाळणारा मित्र म्हणाला, ‘आता आपल्यात हिशेब मागणार तू?’ तिथून वाढत वाढत गोष्ट इथवर आली: ‘तू फक्त लाइट्स करतोस. नाटक आमचं आहे.’ पुढच्या आठवड्यात तालमीच्या खोलीला नवं कुलूप होतं. डिमर आत. मागायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘तो संस्थेचा आहे.’ कागदावर संस्थाच नव्हती! पण माझ्याकडेही एक पावती नव्हती.

आठ महिन्यांनी तिकीट काढून त्यांचा प्रयोग बघायला गेलो. चौथ्या रांगेत बसलो. दुसऱ्या प्रवेशाला अंधारातून उजेड हळूहळू वर आला आणि थरथरला. मी ओळखला. शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, ‘चिमणीचा उजेड कसा केला असेल हो?’ मी काही बोललो नाही. पत्रकावर प्रकाशयोजनेला दुसऱ्याचं नाव होतं. प्रयोग शेवटपर्यंत पाहिला, आणि तो चांगला होता हेही सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, आमचं तसं होणार नाही. मराठी प्रायोगिक संस्था फुटतात, आणि फुटण्यात गैर काही नाही. १९६० ची ‘रंगायन’ फुटली नसती तर १९७१ मध्ये ‘आविष्कार’ उभी राहिली नसती, आणि दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांचं जे घडलं ते घडलं नसतं. पुण्याच्या पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) ‘घाशीराम कोतवाल’ १९ प्रयोगांनंतर थांबवलं, म्हणून ते नाटक करणारी मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ झाली. प्रश्न फुटण्याचा नाहीच. फुटल्यावर डिमर कोणाचा, संहिता कोणाची, बँकेतले पैसे कोणाचे, हे आधी ठरलेलं असतं की नाही, एवढाच आहे. छबिलदासबद्दल बोलताना सगळे दिग्दर्शकांची आणि नटांची नावं घेतात. पण अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ची व्यवस्था २०१९ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं सांभाळली. कोणी किल्ली आणायची, कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत, हे बघणारा माणूस नसेल तर तुमची नवी रंगभाषा पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. पडद्यामागचा माणूस मदतनीस नसतो. ज्याला हे पटत नाही त्याच्याबरोबर गट काढू नका, मग तो कितीही मोठा नट असो.

तेव्हा एक वही घाला. कोणी काय वस्तू आणली, ती दिली की वापरायला दिली, हे तारखेसकट लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मानधन आलं की त्याच रात्री, टेम्पोत बसण्याआधी, सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवा. पत्रकावर दिवे आणि ध्वनी बघणाऱ्यांची नावं नटांच्याच आकारात छापा.

नोंदणी केलीत तर दरवर्षी ऑडिट आणि धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं मागे लागतात. वर्षाला दोन-तीनच प्रयोग करणार असाल तर वही आणि सह्या पुरतील. मात्र तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवावीच लागते, तिथे वही चालत नाही. आणि आमच्या गटाचं म्हणाल, तर आम्ही सगळे तेव्हा पंचविशीच्या आतले होतो. पैसे सांभाळणाऱ्या माझ्या त्या मित्राच्या डोक्यात नाटकाखेरीज काही नसायचं, पैशांसाठी तो खोटं बोलला नसता, असं मला आज वाटतं. पण तेव्हा त्याने हिशेब दाखवला असता तर मला हे आज वाटावं लागलं नसतं, माहीत असतं.

तो डिमर अजून कोणाकडे चालू असेल, तर तिसऱ्या चॅनलचा पॉट बदलायचा झाल्यास डावीकडचे दोन स्क्रू आधी काढा. उजवीकडचे काढलेत तर मागची पट्टी सुटून वायरींवर येते.