पदवीनंतरचे तीन हजार तास

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी मानसशास्त्राच्या बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला अमेरिकेत क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगमध्ये एम. ए. करायचंय, आणि कर्ज काढून पाठवलं तर दोन वर्षांत ती तिथे परवानाधारक काउन्सेलर होईल का, असं तुम्ही विचारलंय. स्पष्टच सांगते, दोन वर्षांत नाही. मार्ग चांगला आहे, पण तो पदवीपाशी संपत नाही, आणि हे कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी तुम्हा दोघींना पक्कं ठाऊक हवं.

तिथे या अभ्यासक्रमांना केक्रेप ही संस्था मान्यता देते. मान्यताप्राप्त पदवी ६० क्रेडिटची असते, म्हणजे पूर्ण वेळ शिकूनही दोन ते तीन वर्षं. वर्गातले विषय अभ्यासू मुलीला जड नाहीत. कस लागतो तो प्रत्यक्ष कामात. आधी किमान १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, त्यातले ४० तास क्लायंटसमोर, म्हणजे समुपदेशनाला आलेल्या माणसासमोर. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० क्लायंटसमोर. या सगळ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन.

सुपरव्हिजन म्हणजे नेमकं काय, हे मुलीला कळायला हवं. क्लायंटच्या परवानगीने सत्राचं रेकॉर्डिंग होतं, आणि सुपरवायझर, म्हणजे देखरेख करणारे अनुभवी काउन्सेलर, ते विद्यार्थिनीबरोबर बसून ऐकतात. समजा, क्लायंट म्हणते, ‘आईशी बोलणंच बंद झालंय,’ आणि गप्प होते. विद्यार्थिनीला ती शांतता सोसवत नाही. ती लगेच म्हणते, ‘एकदा फोन करून बघा ना.’ सुपरवायझर तिथेच रेकॉर्डिंग थांबवतात आणि विचारतात, ही घाई कोणाला झाली होती, तिला की तुला? मैत्रिणी तुमच्या मुलीपाशी मन मोकळं करतात, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. तो गुण मोलाचाच. पण स्वतःचं बोलणं असं पुन्हापुन्हा ऐकून घ्यायची तयारी ही वेगळी गोष्ट, आणि माझ्या मते हा पेशा त्या तयारीवरच उभा राहतो.

आता पैशांइतकीच महत्त्वाची बाब. परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, परवान्याचं नावही निराळं. कॅलिफोर्नियाचंच घ्या: पदवीनंतर देखरेखीखाली ३,००० तास काम, तेही किमान १०४ आठवड्यांत, शिवाय परीक्षा. विद्यार्थी व्हिसावर मात्र पदवीनंतर कामाची मुभा, म्हणजे ओपीटी, १२ महिन्यांची. संगणक किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या शाखेला नाही. म्हणजे तास अर्धवट असतानाच ओपीटी संपते, आणि पुढे वर्क व्हिसा देणारी संस्था मिळाली तरच गाडी पुढे जाते. ती मिळेलच, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

परत आली तर? अमेरिकेतली ही पदवी हातात असली म्हणून आपल्याकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, आणि ती परिषदेला मान्य असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजीच्या शिक्षणावर मिळते. शाळा-कॉलेजांत, संस्थांत समुपदेशक म्हणून काम करता येतं. पण तिला मुळात भारतातच राहून निदान आणि उपचार करायचे असतील, तर इथलाच आरसीआयमान्य मार्ग मी आधी तपासेन. त्यात कर्जही कमी.

तेव्हा तिला या आठवड्यात प्रत्येक विद्यापीठाला ईमेल करायला सांगा. तीन वर्षांची बी. ए. चालते का? इंटर्नशिपची जागा विद्यापीठ मिळवून देतं की विद्यार्थ्याने शोधायची? गेल्या काही वर्षांतल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांचे परवान्याचे तास पूर्ण झाले, आणि कोणत्या राज्यात? उत्तरं लेखी मागवा. आली की मला पाठवा, कुठे अर्ज करायचा आणि कुठे नाही, ते त्यावरून ठरवू.