गाण्यांना नंबर लावायची पाळी पहिल्यांदा आली की

भाऊ, आपल्या गाण्यांच्या खेळात या खेपेला परीक्षक तू, आणि विषय ‘पाऊस’. बाकीचे विषयावरचं गाणं पाठवणार, नंबर तू लावायचे. जळगावच्या मे महिन्यात दुसरं सुचणार तरी काय! पण नावात पाऊस दिसला म्हणून गुण देऊ नकोस. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन रॉक बँडचं ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ कोणीतरी पाठवणारच. त्यांचा गायक जॉन फोगर्टी याने ते बँडमधल्या कुरबुरींवर लिहिलंय. भर उन्हात पडणारा पाऊस म्हणजे यशातली उदासी. मी तरी ते विषयात धरीन, तू तुझं ठरव.

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचं १९७१ चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (म्हणजे नदीचा बांध फुटतो तेव्हा) मात्र नीट ऐक. मूळ गाणं १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. बँडचा ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम जिन्याखालच्या उंच दालनात ठेवून माइक वर टांगले होते, म्हणून ठोका असा घुमतो. शब्द कळले नाहीत तरी पाणी चढतंय हे कळतं. विषय असा वाजण्यात उतरला पाहिजे.

मोबाइलच्या स्पीकरवर बास, म्हणजे खालचे जाड सूर, हरवतो, हेडफोन लाव. ओळखीच्या गाण्याला आपसूक झुकतं माप मिळतं, तेव्हा अनोळखी गाणी आधी ऐक. पाठवणाऱ्याचं नाव नंबर लावून झाल्यावरच बघ. आणि शेवटच्या नंबराच्या गाण्यावरही दोन ओळी मनापासून लिही, पाठवणाऱ्यानेही ते जीव लावूनच निवडलेलं असतं.