शेती सांभाळून पहिली कादंबरी लिहितोय, स्वतःच छापणार आहे. रोज किती लिहावं आणि दुसरीचं आताच ठरवावं का?

तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातले, घरचा कापूस आहे आणि तीन महिन्यांत पहिला खर्डा संपवायचा बेत आहे, असं तुम्ही प्रश्नासोबत कळवलंय. तो बेत आधी सोडा. मे-अखेरीपासून लागवडीची धावपळ, ऑक्टोबर ते डिसेंबर वेचणी, श्रावणात कानबाईचा उत्सव, एप्रिल-मेमध्ये आखाजी (अक्षय तृतीया) आणि लग्नसराई. लिहिण्याची शिस्त या सगळ्याच्या फटीत बसवावी लागते. ५२ आठवड्यांतून २२ सरळ वगळा. उरलेल्या ३० आठवड्यांत आठवड्याचे ५ दिवस, रोज ३५० शब्द धरा. बेरीज ५२,५०० होते. डेमी पानावर (कादंबरीचा नेहमीचा आकार) साधारण २६० शब्द बसतात, म्हणजे दोनशे पानांची कादंबरी झाली. इंग्रजी लेखकांचे ८०-९० हजारांचे आकडे मनावर घेऊ नका. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत मावतो.

शब्दसंख्या ही फक्त हजेरी आहे. प्रगती प्रसंगांत मोजा. वहीत रोज चार गोष्टी टिपा: तारीख, शब्द, कोणता प्रसंग, आणि त्या प्रसंगानंतर कोणत्या पात्राला नवीन काय कळलं. चौथा रकाना सलग काही दिवस रिकामा राहिला तर कथा जागेवर उभी आहे. हे बहुधा १५-२० हजार शब्दांच्या आसपास होतं, कारण मनात साठलेली सुरुवात तिथे संपते. अशा वेळी पहिलं प्रकरण पुन्हा घासत बसण्याचा मोह होतो आणि कितीतरी कादंबऱ्या तिथेच थांबतात. त्याऐवजी उरलेल्या प्रत्येक प्रसंगासाठी एकेक ओळ लिहा: कोणाला काय हवंय, आणि आडवं कोण येतंय.

अहिराणी संवादांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खानदेशातल्या कादंबरीचं खरं काम तिथेच आहे. ‘शे’ की ‘से’ (आहे), ‘मन्हा’ की ‘मना’ (माझा), हे पहिल्याच महिन्यात ठरवून तक्ता करा. धुळे-साक्रीकडची बोली आणि जळगावकडची बोली सारखी नाही. रावेर-यावलची लेवा बोली तर वेगळीच. पात्र कुठल्या गावचं, त्यावरून रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘ळ’चा ‘य’ करायचा (डोया, धुये) तर त्या पात्राच्या तोंडी सगळीकडे करा. मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर सावध राहा, यंत्र ‘जाई राहिनू’सारखी (जातोय) रूपं प्रमाण मराठीकडे ओढतं. संवाद हातानेच टाइप करा, आणि रोजचा मजकूर स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

खर्डा झाला की दीड-दोन महिने बंद ठेवा. तुमच्याकडे वेचणीचा काळ त्यासाठी आयताच आहे. मग कागदावर छापून मोठ्याने वाचा.

आता छपाई. सुरुवातीपासून युनिकोडमध्येच (कुठल्याही मोबाइल-संगणकावर तसाच दिसणारा मजकूर) लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ तुटतात, त्यामुळे मांडणीनंतर मुद्रितशोधन पुन्हा पूर्ण करावं लागतं. पुस्तकाचा फॉर्म (एकत्र छापून दुमडला जाणारा गठ्ठा) १६ पानांचा असतो, म्हणून एकूण पानं १९२ किंवा २०८ अशी बसवा. १९५ झाली तर कोऱ्या पानांचे पैसे जातात. आत ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड. पानं अंतिम झाल्याशिवाय मुखपृष्ठ पक्कं करू नका, कणा किती जाड येणार हे तोवर कळत नाही. पहिल्यांदा डिजिटल छपाईवर १०० प्रती पुरेत. ऑफसेटला (प्लेट करून होणारी मोठ्या संख्येची छपाई) प्रतीचा दर उतरतो, पण ५०० प्रती घरात ठेवल्या की पावसाळ्यात कागद दमट होतो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. अर्ज लवकर करा, क्रमांक मलपृष्ठावर छापायचा असतो. पैसे घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर पाहा. छापून झालेल्या पुस्तकाला तिचा उपयोग नाही. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने प्रत पाठवायची असते. तुमच्या बाबतीत प्रकाशक तुम्हीच.

दुसरी कादंबरी? सुचेल ते वेगळ्या वहीत लिहून ठेवा, पण तिचं एकही प्रकरण आता लिहू नका. पहिलीचा मधला भाग अडला की दुसरी फार सोपी वाटते, आणि तीही १५ हजारांवरच अडते. तिची तारीख वाचकांना सांगायची तर पहिलीचं शेवटचं प्रूफ छपाईला गेल्यावर सांगा, आणि तेव्हाही वर्ष सांगा, महिना नको.