गोठ्यातले प्रश्न : बैल सोंग करतो का?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या सर्जाला वखरणीत खांदेसूज झाली होती. दीड महिन्यात जखम भरली, केसही आले. तरी जू मानेवर टेकवलं की खाली बसतो. गव्हाणीच्या लाकडाला मात्र तोच खांदा घासत कडबा ओढतो. घरचे म्हणतात, ‘बैल सोंग करस.’ खरं काय?
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, सोंगच घ्यायचं असतं तर सर्जाने ते पेरणीलाच घेतलं असतं.

कातडी भरली तरी दुखणं मागे राहू शकतं. मेंदू जिथे मानेकडे उतरतो त्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात, चेतापेशींचा एक पुंजका असतो. त्याला पॅराब्रेकियल केंद्र म्हणतात. अंगातल्या दुखण्याची वर्दी तिथे जाते. चटका बसला की क्षणभर खळबळ होते आणि निवते. दुखणं रेंगाळलं तर मात्र तिथल्या काही पेशी, कुणी हात लावलेला नसतानाही, धुमसत राहतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निकोलस बेटली यांच्या प्रयोगशाळेने २०२५ मध्ये हे उंदरांत दाखवलं.

आता गव्हाणीचं कोडं. याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये पाहिलं होतं की दिवसभर उपाशी ठेवलेले उंदीर पंजा सुजला तरी तो फारसा चाटत नाहीत. चटका बसला तर मात्र पाय लगेच उचलतात. भुकेच्या वेळी न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं रसायन त्या धुमसणाऱ्या पेशींना दाबून धरतं. उंदीर म्हणजे बैल नव्हे, पण कडबा दिसला की सर्जा खांदा विसरतो ते मला यावरून उमगतं.

मीही यात फसलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी पारोळ्याकडे एक बैल मचमच चारा खाताना पाहिला आणि ‘जुंपा’ म्हणून मोकळा झालो. आठवड्यात तो औत ओढताना भर तासात बसला.

तेव्हा सर्जाची परीक्षा पोटभर खाऊन रवंथ करत असताना घ्या. खांद्यावर तळहात हलकेच ठेवा. कातडी थरथरली, रवंथ थांबलं, तर दुखतंय. (उपाशी ठेवून ‘इलाज’ करू नका, कृपा करा!) दुखणं थांबेपर्यंत जुंपू नका. आत गाठ राहिली आहे का, ते जवळच्या पशुवैद्यकांना दाबून पाहू द्या. मेलॉक्सिकॅम हे दुखणं-सूज कमी करणारं औषध द्यायचं का, किती, तेही त्यांनाच विचारा. डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक कुणी पुढे केलं तर घेऊ नका. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तूप लावताना सर्जा मान काढून घेतो का, ते मला कळवा.