अणुइंधनाच्या कचऱ्यातून किरणोत्सारी मूलद्रव्यं वेगळी कशी करतात? एवढी उठाठेव करण्यापेक्षा सरळ पुरून का टाकत नाहीत?

'पुरून टाका' हे मी पहिल्यांदा ऐकलं डोंबिवलीत, साडूंच्या मुलाच्या मुंजीत. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात रसायनशास्त्रात 31 वर्षं काढलीत मी. साडू भर पंगतीत म्हणाले, "देवनारला मुंबईचा कचरा, शेजारी यांच्याकडे अणूचा. दोन्ही पुरा की!" सगळे हसले. बायकोही हसली, ते जास्त लागलं.

जेवणं झाल्यावर आतून काचेची बरणी मागवली. पाणी, मीठ, हळद, वर खोबरेल. खळाखळा हलवून ठेवली. हळदीचा रंग तेलात चढला, मीठ पाण्यातच. म्हटलं, वापरलेल्या इंधनातून युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढायची आमची प्युरेक्स पद्धत म्हणजे हेच. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं. तेलाच्या जागी ट्रायब्युटिल फॉस्फेट. ते नुसतं घेतलं तर जवळजवळ पाण्याइतकंच जड, थर लवकर सुटत नाहीत, म्हणून डोडेकेन या रॉकेलसारख्या हलक्या द्रवात पातळ करून 30 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. युरेनियम, प्लुटोनियम वर जातात. सीझियम, स्ट्रॉन्शियम आम्लात राहतात. मग प्लुटोनियमची संयुजा 4 वरून 3 वर आणली की ते तेल सोडून पुन्हा आम्लात उतरतं.

इथे थांबायला हवं होतं. हळदही खाली उतरवून दाखवतो म्हणून धुण्याचा सोडा टाकला. लाल फेस झाला, थर गायब! साडू म्हणाले, "झालं वेगळं?" आजही घरात कुठलं कार्य असलं की ती बरणी निघतेच.

(खऱ्या कामात हे सगळं जाड भिंतीआड, यंत्राच्या हातांनी चालतं. घरी सोडा टाकू नका एवढंच.)

पुरायचं म्हणाल, तर वापरलेल्या इंधनात बहुतेक युरेनियमच शिल्लक असतं. ते पुरणं म्हणजे शहाळ्याचं पाणी पिऊन मलई फेकणं. सीझियम-137 सुद्धा वाया जात नाही. ते काचेत ओतून कांड्या करतात आणि रक्ताच्या पिशव्यांना गॅमा किरण द्यायला वापरतात. साडूंना हे कुणीतरी सांगा, माझं ते ऐकत नाहीत.

कचरा संपतो असं मात्र नाही. उरलेलं काचेत गोठवून सांभाळावंच लागतं. सीझियमचं अर्धायुष्य 30 वर्षं, प्लुटोनियम-239 चं 24,000. आणि 1974 च्या पोखरणचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या याच पद्धतीतून निघालं होतं. साडूंनी तो मुद्दा काढला असता तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी काढलं देवनार.